कॉर्न की बॉल? मुंबईच्या घरात सापांची जोडी लावण्याआधी

आमच्या मुलुंडच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आईच्या ‘दूध नाही’च्या शेजारी माझं ‘कात’ लिहिलेलं असतं. जोडी लावायची ठरवलीत तर तुमच्याही भिंतीवर तेच दिसेल, कारण मादी अंडी कधी घालणार हे कात सांगते. फरक एवढाच, की कॉर्न स्नेक ऐन वेळी सांगते आणि बॉल पायथन महिनाभर आधी.

बॉलची मादी ओव्ह्युलेशननंतर, म्हणजे पोटात बीजांडं सुटल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी कात टाकते, तिथून साधारण ३० दिवसांनी अंडी. इन्क्युबेटर ३१-३२ अंशांवर स्थिर करायला भरपूर वेळ मिळतो. कॉर्नचं काम आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत उरकतं. पहिल्या वर्षी मी त्या कातेला नेहमीची कात समजलो आणि गावी गेलो. परत आलो तर अंडी पाण्याच्या भांड्यात! सगळी गेली. आता कातेआधी डोळे दुधाळ झाले, की ओलं शेवाळ भरलेला, झाकणाला भोक पाडलेला श्रीखंडाचा डबा आत ठेवतो. त्या दिवसांत तिला खाणं नाही, हाताळणं नाही, नरही नाही.

खरी अडचण हवेची. कॉर्नला विणीआधी दोन-तीन महिने १०-१५ अंशांची थंडी लागते. त्यानंतरच्या पहिल्या कातेला नर सोडायचा. जानेवारीच्या पहाटे १६-१७ अंश झाले की आपण स्वेटर काढतो, पण तिला ते पुरत नाही. काहींची मादी थंडीशिवायही विते, पण खात्री नाही. बॉलला रात्री थोडा गारवा मिळाला तरी भागतं, तो मुंबई फुकट देते. एसी मात्र जपून. हवा कोरडी झाली की कात तुकड्यांत निघते आणि डोळ्यावरचा पापुद्रा चिकटून राहतो.

कागदांच्या बाबतीत कॉर्न सुटसुटीत. बॉल पायथन साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीनंतर परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी हवी, पिल्लं झाली तरी कळवायचं. (आपल्याकडची धामण, अजगर यांचा विचारही नको, १९७२च्या याच कायद्याने ते पाळताच येत नाहीत.)

तरी नवख्याला मी बॉलच सांगेन. अंडी पाच-सहा, पिल्लं हाताळण्याजोगी. काही पिल्लं खायला नखरे करतात, तेवढं सोसावं. कॉर्नची अंडी १२-१५ सहज, आणि अंड्यातून निघून आठवडाभराने पहिली कात टाकली की तेवढ्याच तोंडांना बोटाच्या पेरापेक्षा लहान उंदराची पिल्लं हवीत. ती गोठवलेली मिळतात. घरात फ्रीज एकच असेल आणि आई ऐकत नसेल, तर मात्र दोन्ही नको.