गुहागरची घरगुती खानावळ: ताट रिकामं करताना सांभाळून!

समुद्रालगत नारळीपोफळीच्या वाडीत आहे, पाटीबिटी काही नाही. आदल्या दिवशी फोन करावा लागतो, माणसं मोजून भात लावतात. पण मोजणं तिथेच संपतं.

आम्ही गेलो ताईच्या सासऱ्यांना घेऊन. पक्के इंग्रज, यॉर्कशायरचे, जन्म 1942 चा, म्हणजे लहानपण सगळं रेशनकार्डावर. मला वाटायचं युद्ध जिंकलं म्हणजे तिकडे चंगळ असेल, पण पाव तर युद्ध संपल्यावर 1946 ला रेशनवर आला आणि मटण सुटायला 1954 चा जुलै उजाडला. त्यामुळे आजोबा ताटात शीतसुद्धा ठेवत नाहीत. आणि काकूंचं असं की ताट रिकामं दिसलं की वाढायचं. झालं!! वालाचं बिरडं तीनदा, फणसाची भाजी दोनदा, उकडीचे मोदक पाच, वर तूप, आजोबा घामाघूम होऊन संपवतायत आणि काकू खूश होऊन वाढतायत, शेवटी ताई म्हणाली अहो काकू त्यांना टाकवत नाही हो, तर काकू म्हणे गुणाचे आहेत, आणि सहावा मोदक.

सकाळी मऊभात, मेतकूट, तूप. अप्रतिम. आजोबा म्हणाले आमची आई रविवारच्या मटणाची थिजलेली चरबी पावाला फासून वर मीठ घालून द्यायची, अगदी तसं लागतंय. (हे काकूंना सांगितलं नाही, शुद्ध शाकाहारी घर आहे.) पडवीत केळ्यांचा घड टांगलेला, कितीही घ्या म्हणाले तरी हे विचारतायत, माणशी किती?

आंबापोळी विकत मिळते, जरूर घ्या. आजोबांनी बारा पाकिटं घेतली. 1949 च्या एप्रिलात तिकडे गोळ्या-चॉकलेटं रेशनमधून सुटली, पण एवढी झुंबड उडाली की ऑगस्टात परत रेशन, ते थेट 1953 च्या फेब्रुवारीपर्यंत. सात वर्षांच्या पोराला चार महिने गोळ्या दाखवून काढून घेतल्या, तो राग अजून गेलेला नाहीये.

वाईट म्हणाल तर रेंज नाही, जीपे चालत नाही, रोख न्या. आंघोळीचं पाणी बंबाचं, उशिरा उठलात तर गार.

आजोबांनी एकच गोष्ट नाकारली, रात्रीचं कोमट दूध. शाळेत फुकट मिळायची ती दुधाची छोटी बाटली थंडीत हीटरजवळ ठेवायचे, तो वास आठवतो म्हणाले. काकू मात्र मनाला लावून घेऊन बसल्या, दूध नासलं होतं का हो?