तीन पिढ्या आणि आडवाटेचा परदेश: जाफना-त्रिंकोमाली की व्हिएतनाम?

पासपोर्ट सगळ्यांचे तयार आहेत. बँकॉक-बाली 'सगळेच जातात' म्हणून बाद झालंय. मुंबईतल्या बऱ्याच घरांत चर्चा इथवर येते आणि श्रीलंका नि व्हिएतनाम ही दोन नावं उरतात. दोन्हीकडचे मळलेले रस्ते ठरलेले आहेत: कँडी-नुवारा एलिया-बेंटोटा आणि हनोई-हालाँग-दा नांग. दादरला कुठल्याही टूरवाल्याकडे जा, छापील कार्यक्रम हातात ठेवतील. मी इथे बोलतेय ते त्या रस्त्यांबाहेरच्या भागांबद्दल. एका बाजूला श्रीलंकेची उत्तर आणि पूर्व, म्हणजे जाफना, अनुराधापूर, त्रिंकोमाली. दुसऱ्या बाजूला व्हिएतनामचा मधला किनारा (फोंग न्या, क्वी न्योन, फान रांग) आणि खाली मेकाँगचा त्रिभुज प्रदेश.

सगळ्यात आधी सुट्टी कोणती ते सांगा, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. मे महिन्यात श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याचा हंगाम नुकता सुरू झालेला असतो. नैऋत्य मोसमी पाऊस मेअखेरीला कोलंबो-गॉलच्या बाजूला कोसळतो, मधले डोंगर तो अडवतात आणि त्रिंकोमालीचा समुद्र शांत राहतो. सह्याद्रीच्या पल्याड राहणाऱ्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको. ऊन मात्र कडक असतं, घामही मुंबईइतकाच. व्हिएतनामचा मधला किनाराही मेमध्ये कोरडा असतो, पण फोंग न्याच्या भागात लाओसकडून येणारे गरम वारे सुरू होतात आणि मेकाँगकडे दुपारच्या सरी लागायला लागतात. दिवाळीत दोन्हीकडे जाऊ नका, हे मी ठामपणे सांगेन. मध्य व्हिएतनाममध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबर हे पुराचे महिने असतात आणि नदी चढली की फोंग न्याच्या गुहेतल्या बोटी बंद होतात. त्याच सुमारास ईशान्य मोसमी पाऊस जाफना-त्रिंकोमालीला गाठतो. नाताळच्या सुट्टीत मेकाँग कोरडा नि सुखद असतो. थोडक्यात, मे असेल तर श्रीलंका, नाताळ असेल तर व्हिएतनामची दक्षिण. पुढचं सगळं वाचताना हे डोक्यात असू द्या.

आता प्रवास. मुंबई-कोलंबो विमान अडीच तासांच्या आसपास, आणि घड्याळ बदलावं लागत नाही. हो ची मिन्ह सिटी किंवा हनोईला पाच तासांच्या आसपास लागतात आणि तिथलं घड्याळ दीड तास पुढे. दीड तास काहीच नाही असं आपल्याला वाटतं, पण रात्रीच्या विमानाने पहाटे उतरायचं, खोली दुपारी दोनला मिळायची आणि सकाळची इन्सुलिन-गोळ्यांची वेळ मधेच हरवायची, हे पंचाहत्तरीच्या माणसाला जड जातं. त्या रात्रीची खोली आदल्या दिवसापासून घ्या, पैसे गेले तरी चालतील. जाफन्याला जायला एक सोपी वाटही आहे: मुंबईहून चेन्नई आणि चेन्नईहून छोट्या विमानाने थेट जाफना. कोलंबोहून रेल्वे किंवा रस्त्याने गेलात तर सुमारे चारशे किलोमीटर. रेल्वेचा विचार असेल तर गाडी कोणत्या दिवशी आणि किती वाजता आहे ते आधी पक्कं करा.

जमिनीवरचं गणित श्रीलंकेत हलकं आहे. चालकासह व्हॅन भाड्याने घ्यायची पद्धत तिथे रुळलेली आहे, चालकाच्या राहण्याची सोय बरीच हॉटेलं करतात, गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने धावतात आणि चालकाशी इंग्रजीत बोलता येतं. जाफना ते अनुराधापूर साधारण दोनशे किलोमीटर, तिथून त्रिंकोमाली शंभराच्या वर थोडं. व्हिएतनामला लांबी नडते. हनोई ते हो ची मिन्ह हा रेल्वेमार्गच 1,726 किलोमीटरचा आहे. चार बर्थच्या डब्यात रात्र काढणं नातवंडांना गंमत वाटते, पण आजोबांना खालचाच बर्थ लागतो आणि सगळ्यांना खालचे बर्थ मिळत नाहीत. म्हणून व्हिएतनामला मधला किनारा किंवा दक्षिण यांपैकी एकच निवडा. दोन्ही एका फेरीत बसवायला गेलात तर अर्धी सुट्टी सामान बांधण्यात जाईल.

गुडघ्यांचं काय? इथे व्हिएतनाम थोडं चकित करतं. फोंग न्याच्या गुहेत बोट नदीवरून थेट आत शिरते. आजी बसल्या जागी चुनखडीचं छत बघू शकते. शेजारच्या थिएन डुओंग गुहेत मात्र आधी पायऱ्यांची चढण आणि मग आत किलोमीटरभर लाकडी वाट आहे, ती तरुणांनी करावी. श्रीलंकेत सिगिरियाच्या बाराशेच्या आसपास पायऱ्या ज्येष्ठांना सोडाव्या लागतील, तो तसाही मळलेलाच रस्ता. अनुराधापूरजवळच्या मिहिंतलेच्या टेकडीवर गाडी बऱ्याच वरपर्यंत जाते. अनुराधापूरला अडचण वेगळी: महाबोधी वृक्षाच्या आणि स्तूपांच्या आवारात अनवाणी चालावं लागतं, आणि मेच्या दुपारी दगड तापलेला असतो. सकाळी लवकर जा आणि सोबत मोजे न्या. जाफन्याजवळच्या नैनातीवू बेटावरच्या नागपूषणी अम्मन देवळासाठी कुरिकट्टुवन धक्क्यावरून बोट आहे. अंतर थोडं, पण गर्दीच्या लाकडी बोटीत चढताना-उतरताना आजोबांचा हात धरायला माणूस हवा.

खाण्यावर जरा जास्त बोलते, कारण सहली तिथेच बिघडतात. सासूबाईंचा एकादशीचा उपवास देश बघून सुटत नाही. जाफना त्यांच्यासाठी माहेरासारखं आहे. गाव बहुसंख्य तमिळ शैवांचं, त्यामुळे 'सैवा' लिहिलेली शुद्ध शाकाहारी खाणावळ मिळते. इडिअप्पम, पुट्टू, नारळाच्या दुधातली सोधी, केळीच्या पानावर भात आणि भाज्या. तिखट मात्र जबर असतं, मुलांसाठी दही मागा. गाडी दक्षिणेकडे सिंहली भागात गेली की सावध राहा: पोल सांबोल म्हणजे खोबऱ्याची चटणी, पण तिच्यात बऱ्याचदा सुक्या मासळीचा चुरा असतो आणि काही भाज्यांतही असतो. 'उंबलकड (म्हणजे ही सुकी मासळी) नको' असं चालकाकडून सांगून घ्या.

व्हिएतनाममध्ये मासळीचा सॉस, न्युओक माम, जवळजवळ सगळ्यात पडतो. भाजी म्हणून मागवलेल्या पदार्थातसुद्धा. पण तिथे बौद्ध शाकाहाराची जुनी परंपरा आहे आणि 'क्वान चाय' (शाकाहारी खाणावळ) पाटीचं हॉटेल छोट्या गावातही सापडतं. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, बरेच लोक शाकाहारी जेवतात, तेव्हा पर्याय वाढतात. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना क्वान चायमध्ये आवडीचं मिळेल, फक्त फोडणीची सवय असलेल्या जिभेला ते दोन दिवसांत सपक वाटायला लागतं. चटणीची पुडी, राजगिऱ्याचे लाडू आणि छोटा इलेक्ट्रिक कुकर दोन्हीकडे घ्या. मासे खाणारी मंडळी असतील तर हा परिच्छेद विसरा. त्यांची दोन्हीकडे चंगळ आहे.

देवदर्शन हा आपल्या ज्येष्ठांचा मोठा भाग, म्हणून तेही. त्रिंकोमालीला स्वामी रॉकवरचं कोनेश्वरम हे शिवमंदिर, खाली सरळ समुद्र, आणि वाटेत फ्रेडरिक किल्ल्यात मोकळी फिरणारी हरणं. जुनं देऊळ सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं; वसईचा किल्ला बघितलेल्या नातवाला हा धागा लगेच कळेल. जाफन्याचा किल्लाही आधी पोर्तुगीज, 1658 नंतर डच. नल्लूर कंदस्वामी देवळात पुरुषांना शर्ट काढून जावं लागतं. माटुंग्याच्या देवळांची सवय असलेल्यांना त्यात नवल नाही. व्हिएतनामला हिंदू म्हणून जे आहे ते चाम राजांचं, म्हणजे पूर्वी मध्य-दक्षिण व्हिएतनामवर राज्य केलेल्यांचं. 'मी सोन' नावाच्या चाम मंदिरसमूहात 2020 मध्ये भारतीय पुरातत्त्व विभागाच्या पथकाला नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं, आणि फान रांगजवळच्या पो क्लाँग गराईत चाम लोक आजही पूजा करतात. तिथे मुखलिंग (चेहरा कोरलेलं शिवलिंग) बघून आमच्याकडचे आजोबा मंदिरापेक्षा जास्त वेळ पुजाऱ्याच्या वेशाकडे बघत बसतील, याची मला खात्री आहे.

मुलांसाठी त्रिंकोमाली-निलावेलीच्या पिजन बेटावर प्रवाळ आणि रंगीत मासे आहेत, लाइफ जॅकेट घालूनच उतरायचं. मेकाँगमध्ये बेन त्रेच्या नारळाच्या वाड्या, कालव्यातली होडी, नारळाची चिक्की. कोकणी माणूस म्हणेल, यासाठी इतक्या लांब कशाला! कान थोचा काई रांग तरंगता बाजार पहाटेच बघावा लागतो आणि तो पूर्वीइतका भरत नाही.

जाफन्यात यादवी युद्धाच्या खुणा दिसतात. 2009 ला संपलेल्या त्या युद्धाबद्दल, 1981 मध्ये जाळलेल्या नि पुन्हा उभ्या केलेल्या ग्रंथालयाबद्दल मुलं विचारतील, उत्तर तयार ठेवा. युद्धातले सुरुंग अजून राहिलेले असू शकतात, म्हणून मळवाट सोडून झाडीत शिरायचं नाही, हेही त्यांना सांगा.

खर्चात श्रीलंका स्वस्त पडते, मुख्यतः सहा-सात माणसांच्या विमान तिकिटांमुळे. व्हिएतनामचा ई-व्हिसा प्रत्येकाचा स्वतंत्र, तान्ह्याचासुद्धा. श्रीलंकेच्या प्रवेश परवान्याचे नियम नि शुल्क बदलत राहतात, सरकारी संकेतस्थळावरच बघा. विम्यात बीपी-शुगर लपवू नका, नाहीतर गरज पडेल तेव्हा दावा फेटाळला जातो.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदाच तीन पिढ्या निघत असतील, ज्येष्ठ शाकाहारी असतील आणि सुट्टी मेची असेल, तर जाफना-त्रिंकोमाली. ज्येष्ठ तंदुरुस्त, सगळे सर्वभक्षी आणि नाताळची सुट्टी, तर मेकाँग. श्रीलंका ठरलीच, तर तारखा पक्क्या करताना मेची वेसाक आणि जूनची पोसोन या दोन पौर्णिमा बघून घ्या. पोसोनला अनुराधापुरात देशभरातून गर्दी लोटते, तेव्हा तळमजल्याच्या खोल्या विमान तिकिटांच्याही आधी धरा.