छापील कॅटलॉग काढताय? डिजिटल की ऑफसेट

काजू, सोलं, आगळ (कोकमाचा घट्ट रस), गोव्यातल्या काणकोणची खोला मिरची असा माल तुम्ही मुंबई-पुण्याला घरपोच पाठवत असाल, तर छापील कॅटलॉग अजूनही कामाचा आहे. घरातली वडीलधारी माणसं तो हातात घेऊन खुणा करतात आणि मग फोन लावतात.

ऑफसेटला चार रंगांच्या चार प्लेटी, म्हणजे छपाईचे धातूचे पत्रे, लागतात. शंभर प्रती काढा नाहीतर पाच हजार, प्लेटींचा खर्च तेवढाच. त्यामुळे थोड्या प्रतींना ऑफसेट परवडत नाही, पण प्रती वाढल्या की दर झपाट्याने उतरतो. डिजिटलला प्लेट नाही. दहावी प्रत आणि पाचशेवी प्रत जवळपास एकाच भावात पडते, आणि हव्या तेवढ्याच काढता येतात. ३००, ५०० आणि १००० प्रतींचं कोटेशन दोन्हीकडून मागवा.

माझ्या मते खरा निर्णय मात्र तुमच्या मालाच्या भावावर ठरतो. काजूचा दर हंगामागणिक हलतो. किमतीसकट हजार प्रती ऑफसेटवर छापल्या आणि दर वाढला, तर गठ्ठे पडून राहतात. म्हणून फोटो आणि माहिती ऑफसेटवर, किमती नसलेली. दरपत्रक वेगळ्या कागदावर डिजिटल, प्रत्येक वस्तूला क्रमांक देऊन. नवं दुकान असेल तर पहिली खेप सगळीच डिजिटल काढावी.

कागद ठरवताना वजन काट्यावर बघाच. ए-५ आकाराची २४ पानं १३० जीएसएम (चौरस मीटरला १३० ग्रॅम) आर्ट पेपरवर साधारण ४९ ग्रॅम भरतात. स्पीड पोस्टचा पहिला टप्पा ५० ग्रॅमचा, म्हणजे पाकीट घातलं की पुढचा दर लागला. तीच पानं १०० जीएसएमवर ३७ ग्रॅम होतात. पाकीट आणि दरपत्रक धरूनही टप्प्यात बसतात. ए-४ घेतलात तर वजन सरळ दुप्पट.

रंगाचं प्रूफ, म्हणजे नमुना छपाई, त्याच कागदावर मागा. स्क्रीनवर लालभडक दिसणारी मिरची छापल्यावर विटकरी होते, आणि आगळाचा गडद रंग तर काळाच पडतो.

बांधणीला सेंटर पिन, म्हणजे मधल्या घडीवर मारलेल्या पिना, पुरे. फक्त पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा. फेणीला पान देऊ नका, दारू टपालाने जात नाही. ऑर्डर फॉर्म मधल्या पानावर घ्या: तिथे कॅटलॉग सपाट उघडतो आणि पिना उचकटून फॉर्म सहज काढता येतो.