बटणाचा वरचा अर्धा भाग : नाशिकच्या गंगापूर रोडवरील ॲप-दुरुस्ती सेवेबद्दल अभिप्राय

द्राक्ष बागायतदारांना फवारणीच्या नोंदी ठेवता याव्यात म्हणून आम्ही चालवत असलेल्या मोबाइल ॲपमध्ये, खालच्या पट्टीतील ‘नोंद करा’ हे गोल बटण उठून दिसावे यासाठी पट्टीच्या वर निम्मे सरकवलेले आहे. नेमका तो वरचा भाग दाबला की काहीच होत नसे, आणि दिंडोरी-निफाडकडील शेतकरी ॲपच बंद पडले असे समजून फोन करत. हे काम आम्ही गंगापूर रोडवरील एका छोट्या कार्यालयाकडे सोपवले.

कोडला हात लावण्यापूर्वी तेथील अभियंत्याने पट्टीला तात्पुरता लाल रंग देऊन तिची खरी हद्द दाखवली, हे मला विशेष आवडले. आयफोनमध्ये स्पर्शाचा शोध बाहेरच्या घटकाकडून आतल्या घटकाकडे जातो. स्पर्श झालेला बिंदू पट्टीच्या हद्दीत नसेल, तर तिच्या पोटातील बटणाला कोणी विचारतच नाही, मग ते पडद्यावर कितीही ठळक दिसो. अँड्रॉइडमध्येही ‘क्लिप-चिल्ड्रन’ (हद्दीबाहेर गेलेला आतला भाग कापून टाकणारी सोय) बंद केल्याने बटण हद्दीबाहेर दिसू लागते, स्पर्श मात्र तेथे पोहोचत नाही. आधीच्या डेव्हलपरने बटण मोठे करून पाहिले होते. ते वाया का गेले, हे त्या लाल पट्टीकडे पाहताच उमगले.

आयफोनसाठी त्यांनी पट्टीची ‘हिट-टेस्ट’ पद्धत (स्पर्श कोणत्या घटकाला द्यायचा हे ठरवणारा कोड) बदलून, स्पर्श बटणावर पडला असेल तर थेट बटणच परत दिले. अँड्रॉइडवर बटण पट्टीतून काढून बाहेरच्या मोठ्या चौकटीत ठेवले, जे मला अधिक सरळ वाटते. आता बटण काठापर्यंत दाद देते.

पहिल्या आवृत्तीत मात्र एक उणीव राहिली. नकाशाच्या पानावर पट्टी लपवली, तरी आयफोनवर ते अदृश्य बटण खालचे स्पर्श गिळत होते. लपलेल्या घटकाला वगळण्याचे काम मूळ पद्धत आपोआप करते. ती बदलल्यावर ही तपासणी स्वतः लिहावी लागते आणि तीच राहून गेली होती. कळवल्यावर जादा पैसे न घेता दुरुस्ती झाली, पण पट्टी लपवलेली पाने सुपूर्द करण्यापूर्वीच तपासणे अपेक्षित होते.

दर स्वस्त म्हणता येणार नाहीत आणि हंगामात फोन लवकर उचलला जात नाही. तरीही असे अडलेले काम असेल तर मी त्यांच्याकडेच पाठवीन. फक्त दोन्ही प्रकारच्या फोनवर प्रत्येक पान दाबून पाहण्याची अट कामाच्या कागदावर लिहून घ्यावी.