हस्तिदंताऐवजी काय घ्यावं: हाड, टॅग्वा की सेल्युलॉइड?

हस्तिदंत आणि त्याच्या नकला या विषयावर काम करायचंय, मटेरियल कोणतं घेऊ, असं जळगाव-धुळ्याकडची फाइन आर्टची मुलं विचारतात. खरा दंत बादच. भारतीय हत्तीच्या दंताच्या व्यापारावर १९८६ साली बंदी आली, आफ्रिकेतून येणाऱ्या दंताची वाटही १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. रेझिन हुबेहूब दिसतं, पण त्याच्या आत बघण्यासारखं काही नसतं.

टॅग्वा हे दक्षिण अमेरिकेतल्या एका पामचं बी. कोरायला छान, पूर्वी युरोपात याची बटणं बनत. पण आकार अंड्याएवढा, त्यातही मध्ये पोकळी. लॉकेट करायचं असेल तर घ्या.

सेल्युलॉइडची गोष्ट मात्र थेट आपल्या शेतात येते. १८६० च्या दशकात अमेरिकेत बिलियर्डच्या हस्तिदंती चेंडूंना पर्याय शोधण्यासाठी बक्षीस लागलं, त्या खटपटीतून जॉन वेस्ली हायटने हे सुरुवातीचं प्लास्टिक आणलं. तिकडच्या यादवी युद्धामुळे खानदेशी कापसाला सोन्याचा भाव आला तो याच दशकात. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूसच, वर कापूर! जुना कंगवा अंगठ्याने जोरात घासला की अजून कापराचा वास येतो. या नकली दंतावर रेघा मारलेल्या असतात, पण सरळ, समांतर. खऱ्या दंताच्या आडव्या छेदात त्या एकमेकींना छेदतात. गोष्ट भारी, वस्तू धोक्याची. भडकन पेटते, जुनी झाली की आम्लाची वाफ सोडते, शेजारचा धातू खाते. भुसावळच्या मे महिन्यात ती बंद काचपेटीत ठेवायची माझी तरी हिंमत नाही.

म्हणून माझं मत म्हशीच्या पायाच्या हाडाला. भिंगातून पाहिलं तर त्यात बारीक ठिपके दिसतात, रक्तवाहिन्यांच्या वाटांचे. दंतात ते नसतात. शाई चोळून पुसली की ठिपके काळे उठतात. आत दडलेलं दाखवायचं असेल तर हेच हवं. विषयही जवळ आहे: चाळीसगावकडच्या तांड्यांवर बंजारा बायांच्या दंडावरच्या पांढऱ्या बांगड्या पूर्वी दंताच्या, हाडाच्या असत, आता प्लास्टिकच्या आहेत. (तिथल्याच पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेल्या आडव्यातिडव्या रेघा सापडल्यात, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीच्या.)

अडचण जाडीची. पोकळ हाडाची भिंत जेमतेम सेंटिमीटरभर, त्यामुळे मोठं काम पट्ट्या जोडूनच. कापताना पाणी मारत राहा, मास्क लावा. भुकटी वाईट आणि वास जळक्या केसांचा. पांढरंशुभ्र करायच्या नादात ब्लीच घालू नका, हाड भुसभुशीत होतं. हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं, आणि थोडा पिवळेपणा राहिला तर राहू द्या.