कौलं की स्लॅब: गावाकडे घर बांधण्याआधी

कोकणात घर बांधताना भिंतींवरून वाद होत नाही. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, हवेवर कठीण होतो. गिलावा करायचा की चिरा उघडाच ठेवायचा, एवढंच ठरवायचं. भांडण पेटतं ते छपरावरून. लांज्याजवळ घर बांधण्याआधी मी दोन्हींखाली राहून पाहिलंय, म्हणून लिहितोय.

स्लॅबची बाजू लंगडी नाही. माकडं कितीही नाचली तरी काही फुटत नाही. वर टाकी बसते, सोलर बसतं, पुढेमागे मजला चढवता येतो. घर दहा महिने कुलपात राहणार असेल, तर ही निर्धास्ती मोठी. उलट कौलं पावसाआधी परतायला, म्हणजे काढून पुन्हा नीट लावायला हवीत, आणि ते काम जाणणारा माणूस आता वेळेवर मिळेलच असं नाही.

पण आपण चाकरमानी गावाला राहतो कधी? गणपतीत आणि मे महिन्यात. चुलतभावाच्या स्लॅबच्या घरातल्या मेच्या रात्रींनी माझा निकाल लावला. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरालाही धग सोडत असायचा. पंखा लावला की तीच धग अंगावर. वीज गेली की पंखाही नाही, मग पोरंबाळं, म्हातारी माणसं, सगळे गाद्या उचलून खळ्यात. शेजारी काकूंच्या कौलारू घरात मात्र दिवे मालवून सगळे आत झोपलेले! कौलही तापतं, नाही असं नाही. पण ते पातळ, ऊन उतरलं की निवतं आणि फटींतून गरम हवा निघून जाते. मी काही तापमान मोजलं नाही. गाद्या मात्र चार मे महिने उचलल्या.

बरं, स्लॅब गळत नाही म्हणावं, तर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलून भावाच्या स्लॅबला चौथ्या वर्षी ओल आली. मग वर पत्र्याची शेड. आमच्या रस्त्यावर अशी टोपी घातलेली किती घरं आहेत ते मोजत जा. शेवटी छप्पर घालायचंच, तर ते आधीच का नको?

उतरता स्लॅब टाकून वर सिमेंटमध्ये कौलं बसवण्याची टूम आहे. दिसतं छान. पण कौलाखाली हवा खेळत नाही, आणि फुटलेलं एक कौल बदलायला छिन्नी घ्यावी लागते. श्रीलंकेचे वास्तुविशारद जेफ्री बावा यांची युक्ती मला जास्त पटते: खाली सिमेंटचे पन्हळी पत्रे, वर अर्धगोल कौलं. ऊन कौलं घेतात, गळती पत्रा अडवतो.

‘पारंपरिक’ शब्दालाही फार भुलू नये. मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने मंगळुरात काढला तो १८६५ मध्ये. त्याआधी आपल्याकडे नळे, म्हणजे अर्धगोल गावठी कौलं, नाहीतर गवत. त्यामुळे लाकडी वाशांऐवजी लोखंडी चौकोनी पाइप वापरताना मला अपराधी वाटलं नाही. वाळवीची कटकट गेली. (समुद्र जवळ असेल तर गंजाचा विचार करा.) खाली सिलिंगची कौलं घातली, त्यामुळे वाऱ्याबरोबर येणारे तुषार आणि कचरा बराच थांबला. पडवी खोल ठेवली. स्लॅब फक्त न्हाणीघर आणि स्वयंपाकघरावर, टाकीपुरता.

माकडांवर उपाय मला सापडलेला नाही. वर्षाला दहा-बारा कौलं जातात. घेताना शंभरेक जास्तीची घेऊन मागच्या पडवीत रचून ठेवा. दुसऱ्या कारखान्याचं कौल खाचेत नीट बसत नाही, हे मला दोनदा दुकानात जाऊन कळलं.