एम-पैसा: अफगाण पोलिसांचा पगार मोबाइलवर

एम-पैसा ही रोशन या अफगाण मोबाइल कंपनीची फोनवरून पैसे पाठवण्याची सेवा. तिच्यातून 2009 मध्ये वर्दक प्रांतातल्या काही पोलिसांचे पगार थेट मोबाइलवर जमा होऊ लागले. आधी रोकड वरिष्ठांच्या हातून खाली यायची. पूर्ण रक्कम दिसताच काहींना पगारवाढच झाली असं वाटलं. मधल्यामध्ये सुमारे 30 टक्के गळत होते! केवळ कागदावर असलेले पोलीसही उघडे पडले. निरक्षरांसाठी दरी आणि पश्तो या अफगाण भाषांत बोलणारा मेन्यू ही या सेवेतली सगळ्यात शहाणी गोष्ट. खोट पिनमध्ये होती. एका कमांडरने शिपायांचे फोन आणि पिन काढून घेतले, आणि सगळ्यांचा पगार रोख पैसे देणाऱ्या एजंटाकडे स्वतःच मागायला गेला. म्हणून पैसे देताना ओळख पटवणं सक्तीचं हवं होतं, आणि दुर्गम भागातल्या एजंटाकडे पगाराच्या दिवशी पुरेशी रोकडही.